अकरा विजय, दोन पराभव

एस. टी.च्या गाडीत विधिमंडळाच्या सदस्यांसाठी आसन राखून ठेवलेले असते. त्या आसनावरची पाटी बहुतेक प्रवाशांनी वाचलेली असते. तिच्याखाली बसलेला आमदार मात्र फारच थोड्यांनी पाहिलेला असेल. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका या बाबतीत दीर्घकाळ अपवाद होता. तेथील आमदार गणपतराव देशमुख एस. टी.ने प्रवास करीत, आणि त्याचे त्या भागात कोणाला नवल वाटत नसे.

३० जुलै २०२१ रोजी त्यांचे सोलापूर येथे निधन झाले, तेव्हा या साधेपणाचेच गोडवे अधिक गायले गेले. ते साहजिकही होते. मोटारींच्या ताफ्यातून हिंडणारे लोकप्रतिनिधी पाहण्याची सवय झालेल्या समाजाला असा माणूस दंतकथेतलाच वाटणार. परंतु साधेपणाच्या कौतुकात एक सोय दडलेली असते. एखाद्याला साधुपुरुष ठरविले की त्याच्या राजकारणाचा विचार करण्याची जबाबदारी टळते. वस्तुतः गणपतराव हे साधू नव्हते. ते पुरते राजकारणी होते. वकिली शिकलेला, मार्क्सवादी विचारांच्या पक्षात वाढलेला आणि निवडणुकीचे गणित अचूक जाणणारा हा माणूस होता. साधी राहणी एखाद्याला आदर मिळवून देईल. अकरा वेळा आमदारकी मिळवून देणार नाही. तेव्हा शोध घ्यावयाचा तो त्यांच्या राहणीचा नव्हे, तर त्यांच्या आमदारकीचा.

एक मतदारसंघ, एक पक्ष

मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे जन्मगाव. कर्मभूमी मात्र सांगोला. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून ते तेथून प्रथम विधानसभेवर गेले. १९६७ साली पुन्हा निवडून आले. १९७२ साली पराभूत झाले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ती जागा त्यांनी परत मिळविली आणि १९७८, १९८०, १९८५ व १९९० अशा चार निवडणुका ओळीने जिंकल्या. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी ते हरले. नंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे पुन्हा चार विजय. एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाच्या वतीने अकरा वेळा विधानसभेत जाण्याचा हा विक्रम महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाही. देशात याहून मोठे आकडे आहेत. केरळातील पाला येथून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते. पण मणी हे बहुतेक काळ सत्तेच्या आसपास वावरले. गणपतरावांची बहुतेक सारी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. सत्ता हाती नसताना मतदाराने एखाद्याला पुनःपुन्हा का निवडून द्यावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना आधी त्यांच्या पक्षाकडे पाहावे लागते. स्वातंत्र्याच्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी शेतकरी कामगार पक्षाची उभारणी केली आणि १९५० साली दाभाडी येथे मार्क्सवादाचा अंगीकार केला. बहुजन समाजाच्या शिकल्यासवरलेल्या तरुणांना त्या काळी या पक्षाचे मोठे आकर्षण होते. परंतु संस्थापक जेधे आणि मोरे हेच पुढे काँग्रेसमध्ये परतले. राज्याच्या निर्मितीनंतर यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने या पक्षाचे आणखी मोहरे टिपले. यशवंतराव मोहिते त्यांपैकी एक. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद यांच्या किल्ल्या काँग्रेसच्या हाती असताना विरोधात राहणे म्हणजे आपल्या गावाला उपाशी ठेवणे होय, असा युक्तिवाद तेव्हाही केला जात होता. आज पक्ष बदलणारे जे कारण सांगतात ते काही नवे नाही. 'विकासासाठी' हा शब्द तेवढा नवा आहे.

गणपतरावांनी विधानसभेत पाऊल टाकले ते नेमके या गळतीच्या काळात. १९६७ साली विधानसभेच्या २७० जागांपैकी १९ जागा मिळविणारा पक्ष २०१४ साली २८८ पैकी ३ जागांवर आला. ही उतरंड त्यांनी सभागृहात बसून डोळ्यांनी पाहिली. तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही. याला निष्ठा म्हणावे हे खरे. परंतु निष्ठा हा शब्द येथे थोडा अपुरा पडतो. मत मागताना उमेदवार जे नाव आणि जे चिन्ह सांगतो, तो मतदाराशी झालेला करार असतो. निकालानंतर तो एकतर्फी मोडण्याचा अधिकार आपणास नाही, एवढी साधी समजूत त्यामागे होती.

पाण्याचा हिशेब

सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यातला अवर्षणप्रवण तालुका. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला असल्यामुळे वरच्या तालुक्यांची तहान भागल्यावर उरेल ते पाणी येथे यावयाचे. शेजारच्या तालुक्यांत ऊस डोलत असताना येथील माणूस ज्वारीच्या पेरणीसाठी आभाळाकडे पाहात असे. अशा तालुक्यात राजकारण म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे राजकारण.

आमदाराच्या हाती धरण नसते, अंदाजपत्रकही नसते. त्याच्या हाती असतात ती सभागृहाची आयुधे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना. विधानभवनाच्या गॅलरीत बसून पाहणाऱ्याला ही आयुधे फार बोथट वाटतात. मंत्री 'माहिती घेऊन सांगतो' म्हणतो, अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात आणि विषय संपतो. पण प्रश्न विचारणारा सदस्य पुढच्या अधिवेशनातही तेथेच असेल, त्याच्या पुढच्या विधानसभेतही असेल आणि मागचे आश्वासन त्याला तारखेनिशी आठवत असेल, तर याच आयुधांना धार येते. मंत्री बदलतात, सचिवांच्या बदल्या होतात, फायली हरवतात. अशा व्यवस्थेत स्मरणशक्ती हीसुद्धा एक सत्ताच असते. गणपतरावांच्या दीर्घ कारकीर्दीचे खरे मोल या स्मरणात होते.

कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले. ते अडविण्यास मुदत होती सन २००० पर्यंतची. पाणी कागदावर मिळाले. अडविण्याची आणि उचलण्याची निकड मात्र राज्यकर्त्यांना फार उशिरा जाणवली. १९९० नंतरच्या काळात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडी येथे दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. प्रा. एन. डी. पाटील आणि गणपतराव हे त्या चळवळीतले खंदे साथी. मागणी एकच होती: कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाला द्या. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची कामे पुढे सरकली, आणि कराडजवळ अडविलेले पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवीत सांगोल्याच्या काही भागापर्यंत आणण्यात आले. पण तोवर एकविसावे शतक उजाडले होते. १९६२ साली त्यांना पहिले मत देणाऱ्या कित्येकांना ते पाणी पाहावयास मिळाले नसेल.

मधल्या काळात तालुका नुसता वाट पाहात बसला नाही. कमी पाण्यावर येणारे डाळिंब येथील माळरानावर रुजले. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने त्याला बळ दिले. पुढे तेल्या रोगाने या बागांची वाताहत केली, तरी शेतकऱ्यांनी डाळिंब सोडले नाही; २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. साखर कारखान्याच्या आधारावर राजकारण उभे करण्याची रीत असलेल्या जिल्ह्यात गणपतरावांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. जेथे ऊस नाही तेथे तरुणाच्या हाताला काम कोठून द्यावयाचे, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

सत्तेची दोन वळणे

सत्ता त्यांच्या वाट्याला आलीच नाही असे नाही. १९७७-७८ मध्ये काही महिने ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्यानंतर जुलै १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. जन्मभर पक्ष न बदललेला हा माणूस ज्या मंत्रिमंडळात बसला, ते वसंतदादा पाटील यांचे सरकार पक्षफुटीने पाडूनच अस्तित्वात आले होते. फेब्रुवारी १९८० मध्ये ते बरखास्त झाले. दुसऱ्यांदा, १९९९ साली, विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात ते रोजगार हमी खात्याचे मंत्री झाले. ज्या काँग्रेसला हयातभर विरोध केला तिच्याच मंत्रिमंडळात बसण्याची ही वेळ होती. २००२ साली पक्षाने पाठिंबा काढून घेतला, तेव्हा मंत्रिपदही सुटले.

रोजगार हमीचे खाते त्यांच्याकडे यावे यात एक औचित्य होते. १९७२-७३ च्या दुष्काळात सांगोल्यासारख्या तालुक्यांतील माणसे खडी फोडून जगली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच वेळी गणपतराव निवडणूक हरून सभागृहाबाहेर होते. तालुक्यावरचे सर्वांत मोठे संकट त्यांना आमदार म्हणून नव्हे, तर एक कार्यकर्ता म्हणून पाहावे लागले. त्या दुष्काळातूनच रोजगार हमीचा कायदा आकाराला आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारपत्रकात दरमहा कापली जाणारी ती रक्कम कोठून आली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे मूळ माणदेशासारख्या मुलखातल्या खडीच्या ढिगाऱ्यापाशी आहे.

उणी बाजू

या कारकीर्दीची उणी बाजू न पाहणे हा त्यांच्यावरच अन्याय ठरेल. त्यांच्या विजयामागे जातीचे गणित होते, असे म्हणणारे आहेत. ते धनगर समाजातले आणि सांगोल्यात या समाजाची संख्या मोठी, हे खरे. परंतु जात १९७२ साली होती आणि १९९५ सालीही होती. तरी ते हरले. केवळ गणिताने निवडून येणारा पराभवानंतर गणित बदलतो, म्हणजे पक्ष बदलतो. गणपतराव हरले तेव्हा त्याच चिन्हावर पुन्हा उभे राहिले. म्हणून अकरा विजयांपेक्षा हे दोन पराभव त्यांच्याविषयी अधिक सांगतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सांगोल्याचा गड शाबूत राहिला. पक्ष मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत आटला. पन्नासांहून अधिक वर्षांच्या नेतृत्वातून सोलापूर जिल्ह्यात पक्षाची दुसरी मजबूत जागा उभी राहिली नाही. पक्षापेक्षा व्यक्ती मोठी झाली की निष्ठासुद्धा व्यक्तीपाशीच थांबते. वयोमानामुळे २०१९ साली ते उभे राहिले नाहीत, तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली, आणि तो ७६८ मतांनी हरला. घराणेशाहीवर टीका करीत वाढलेल्या पक्षाला वारस शोधण्यासाठी अखेर घरातच पाहावे लागले, हे त्या पक्षाचे अपयशच म्हणावे लागेल.

नंतरचा सांगोला

२०१९ साली सांगोल्यातून विजयी झाले ते शिवसेनेचे शहाजीबापू पाटील. १९९५ साली काँग्रेसच्या वतीने त्यांनीच गणपतरावांचा पराभव केला होता. जून २०२२ मध्ये ते गुवाहाटीस गेलेल्या आमदारांत होते, आणि तेथील निसर्गाचे त्यांनी दूरध्वनीवरून केलेले वर्णन महाराष्ट्रभर गाजले. ज्या मतदारसंघाने पाच दशके पक्षनिष्ठेचा आदर्श पाहिला, तोच मतदारसंघ एका रात्रीत पक्षांतराच्या विनोदाचा विषय झाला. २०२४ साली सांगोल्याने गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख यांना शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने निवडून दिले. विधानसभेत पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा. हा पक्षांतराविरुद्धचा कौल होता असे छातीठोकपणे म्हणणे घाईचे होईल. निवडणुकीत अनेक प्रवाह एकत्र येतात. पण जुन्या चिन्हाची आठवण अजून पुसली गेलेली नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली घटनेत दहावे परिशिष्ट आले. २००३ साली एक तृतीयांश फुटीची सवलत काढून तो कायदा कडक करण्यात आला. तरीही पक्ष फुटतच राहिले. कायदा जितका कडक, तितक्या पळवाटा चतुर. गणपतरावांनी जी निष्ठा पाळली ती या कायद्याच्या तेवीस वर्षे आधीपासून, कोणतेही परिशिष्ट नसताना. कायद्याने आमदाराला पक्षात बांधून ठेवता येईल; मतदाराशी बांधून ठेवता येणार नाही. ती गाठ मतदाराने स्वतः मारावयाची असते, आणि आमदाराला पराभूत करण्याची तयारी ठेवूनच मारावयाची असते. सांगोल्याने हे दोनदा केले. म्हणूनच उरलेल्या अकरा वेळांना किंमत आहे.