आवाजाचा ताळेबंद

हिवरे बाजारला पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडतात. पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरींत पाणी किती उरलं, हे मोजायचं आणि मग पिकं ठरवायची. आवाजाच्या बाबतीत मात्र आपण सगळे अदमासाने चालतो.

हल्ली खेड्यातल्या घरांतही 'होम थिएटर' आलं आहे. पाच पेट्या आणि घुमणाऱ्या आवाजाची एक मोठी. पडद्यावर पाऊस पडू लागला की मागची पेटी आजोबांच्या कानाशीच कोसळते, आणि ते विचारतात, "अरे, ती बाई काय म्हणाली?" नातू आवाज आणखी वाढवतो. आजोबांना तरीही ऐकू येत नाही. का बरं? उतारवयात कान आधी बारीक, उंच स्वर गमावतो. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं त्यातलीच. सगळंच वाढवलं की घुमणारा आवाजही वाढतो आणि शब्द त्याखाली दबतात.

चूक आहे अंतराची. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलांनी उतरतो. खोलीत भिंती थोडा परत देतात, म्हणून कमी उतरतो. चार फुटांवरची पेटी आणि दहा फुटांवरची पेटी यांना सारखाच जोर दिला, तर जवळची दांडगाई करणारच.

उपाय सोपा आहे. जिथं बसून पाहायचं तिथंच बसा. पंखा बंद करा. (मी पहिल्यांदा तो विसरलो होतो, अर्धा तास पंखाच मोजत होतो.) बहुतेक यंत्रांत चाचणीचा आवाज असतो, ओढ्याच्या पाण्यासारखा 'शूऽऽ'. तो एकेका पेटीतून पाळीपाळीने येतो. मोबाइलमधलं ध्वनिमापक कानाच्या उंचीवर धरा आणि प्रत्येक पेटी एकाच आकड्यावर आणा, समजा ७५ डेसिबल. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो. पण सर्व पेट्यांना माप एकच, म्हणून तुलनेला तो चालतो. मोठ्या पेटीला मात्र तो फसतो. ती कानानेच लावा, जरा कमीच.

सगळं समान झालं की संवादांची मधली पेटी दोन-तीन डेसिबल वर न्यायला माझी हरकत नाही. घरात वृद्ध असतील तर न्यावीच.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. शाळेच्या मैदानावर पुढची मुलं कान झाकतात आणि मागे काहीच पोचत नाही, हे नेहमीचंच. पुढचा कर्णा वाढवू नका. आवाज दहा डेसिबलांनी चढवला तर कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो, यंत्राला मात्र दहापट शक्ती लागते. मध्यावर दुसरा कर्णा हळू आवाजात लावा. फार लांब मात्र नको: ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणून ३४ मीटरांवर एक दशांश सेकंदाचा फरक पडतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

आणि शेजार? सन २००० च्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. रात्री दहानंतर दार लावून घ्या आणि मोठी पेटी बंद ठेवा. भिंतीपलीकडे पहिल्यांदा तीच पोचते.