'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' : एका बोटीची गोष्ट

४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले, हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगतो. आमचे कॉलेज नेरूळला. न्हावा-शेव्याची जहाजे पाहत वाढलेल्या एका मुलाने विचारले, "सर, त्या बोटीचे पुढे काय झाले?" मला सांगता आले नाही. म्हणून हे टिपण.

बोट पी. अँड ओ. कंपनीची, सुमारे १९,६०० टनांची, ग्लासगोला बांधलेली. १९२८ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी आयर्विन यांच्या हस्ते ती पाण्यात सोडली गेली. वाफेवर वीज तयार करायची आणि विजेवर पंखे फिरवायचे, ही पद्धत तिच्यात असल्याने हादरे कमी बसत. पहिल्या वर्गाचे ४१५ आणि दुसऱ्या वर्गाचे २५८ उतारू. आत पोहण्याचा तलाव!

हे वरचे झाले. खाली लष्कर, म्हणजे हिंदी खलाशी. पी. अँड ओ.च्या बोटींवर कामे जात-धर्म-गाव पाहून वाटलेली असत : डेकवर खलाशी, बॉयलरपाशी आगवाले, स्वयंपाकाला भंडारी, आणि सर्वांत खाली संडास धुणारा टोपस. हा शब्द मी प्रथम आजोबांच्या तोंडून ऐकला. ते गोदीत साफसफाईला होते. अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांची कैफियत घेऊन लंडनला निघाला होता, तेव्हाही समुद्रावर झाडू जातीप्रमाणेच हातात येत होता. जात किनाऱ्यावर राहत नाही.

१९४० मध्ये सरकारने बोट ताब्यात घेतली आणि तिच्यात सैनिक भरले. महारांची लष्करभरती याच सरकारने १८९० नंतरच्या दशकात 'लढाऊ जात नाही' म्हणून बंद केली होती. १९१७ ला युद्धासाठी १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात पुन्हा महार रेजिमेंट! गरज लागली की बोटही चालते, महारही चालतो. बाबासाहेब मात्र भरतीची ही मागणी युद्ध नसतानाही करीत होते, आणि हक्क म्हणून करीत होते.

नोव्हेंबर १९४२ मध्ये बोटीने अल्जेरियाच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवले. परतताना, ११ तारखेच्या पहाटे, ओरानजवळ यू-४०७ या जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. चौघे मेले, उरलेल्यांना 'बोडिशिया' विनाशिकेने उचलले. बाबासाहेब त्या वेळी दिल्लीत खऱ्या व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते.

त्या युद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मेले. त्यांच्या नावांची स्मरणवही मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहासाठी केलेली आहे. नेरूळहून हार्बर लोकल थेट मशीदला जाते. तो मुलगा आणि मी, नावांपुढे कुठे 'टोपस' लिहिले आहे ते पाहायला जाणार आहोत.