बुक्कीने फोडलेला कांदा

लोणार तालुक्यातल्या बीबीकडे शेतात जेवायला बसलेल्या माणसाला विळी लागत नाही. कांदा धुऱ्यावरच्या दगडावर ठेवायचा, बुक्की मारायची आणि भाकरीशी खायचा. डोळ्यांना धार लागते ती घरी विळीवर बसलेल्या बाईच्या.

आख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. मुळं जमिनीतलं सल्फेट ओढतात, कांदा त्यातलं गंधक कार्बनला जोडतो आणि अमिनो आम्लाच्या रूपात पेशीत साठवतो. ते फोडणारं विकर त्याच पेशीत, पण वेगळ्या पिशवीत असतं. पातं फिरलं की दोन्ही एकत्र येतात. मग आणखी एक विकर पुढे होतं आणि प्रोपेनथायल एस-ऑक्साइड नावाची वाफ उठते. हा पदार्थ आपोआप बनतो असाच समज होता. दुसरं विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं. 2013 मध्ये त्यांना इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. बुक्कीने पापुद्रे सुटतात, पेशी कमी फुटतात, म्हणून शेतातला कांदा रडवत नसावा, हा माझा अंदाज.

लसणात मूळ पदार्थ थोडा वेगळा, म्हणून ठेचताच अ‍ॅलिसिन तयार होतं. आख्खी पाकळी गरम तेलात टाकली तर विकर आधीच मरतं. ठेच्याचा झणका तिला कुठून येणार?

जमिनीत गंधक कमी, तर कांदा मवाळ. अमेरिकेतल्या जॉर्जियाचा गोड विडालिया कांदा अशाच मातीतला. आपल्याकडे स्फुरदासाठी टाकलेल्या सुपर फॉस्फेटमधून सुमारे 11 टक्के गंधकही शेतात जातं.

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तेही गंधकाचंच, आणि नाकाला अब्जांशातही कळतं.

सोयाबीनच्या बियाण्याला चोळतात ते थायरमही गंधकाचंच, आणि मुळात रबर कारखान्यातलं. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून ते वापरत. बुरशीनाशक म्हणून त्याच्या कुळाचं पेटंट 1934 चं. त्यातल्या मिथाइल गटांच्या जागी इथाइल बसवले की डायसल्फिराम होतं, दारू सोडवायची गोळी. दारूशी असलेलं हे नातं आधी कळलं ते कामगारांमुळे: अशा रसायनात काम करणाऱ्यांना दारू सोसत नाही, असं 1937 मध्ये अमेरिकेतल्या रबर कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं होतं. पेरणीच्या दिवसांत बियाणं चोळून आलेल्याने संध्याकाळी पेल्याला हात लावू नये, ते याचसाठी.