अतिच होतंय!

‘तू ना, अतिच करतेस!’ दिवसातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतंच. मैत्रिणीने एका सेल्फीसाठी वीस क्लिक्स मारले? अतिच! कलीगने वाढदिवसाला दोन-दोन केक आणले? अतिच! आणि बॉसने रात्री साडेअकराला काम धाडलं? तेव्हा मात्र आपण म्हणतो, ‘चालतंय रे!’ गंमत आहे ना?

मला या दोन अक्षरांचं भारी कुतूहल आहे. ‘अति’ म्हणजे ‘खूप’ असं आपण धरून चालतो. पण संस्कृतातून आलेल्या या उपसर्गाचा मूळ अर्थ आहे ‘पलीकडे’. अतिक्रमण म्हणजे हद्द ओलांडणं. अत्याचार म्हणजे मर्यादा सोडून वागणं. ‘अत्यंत’ तर थेट अंताच्याही पलीकडे! पण आपण प्रत्येक मेल ‘अत्यंत तातडीचा’ करून टाकला आणि त्यातला ‘अंत’ दिसेनासा झाला.

म्हणजे ‘खूप’ला रेष लागत नाही, ‘अति’ला लागते. पावसाचंच बघा. आपल्या राज्यात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेव्हा तर मोजायचीही गरज उरली नव्हती! ऑफिसची लिफ्ट घ्या. आठ माणसं, 544 किलो. वजन वाढलं की ती ओरडते, दारच लावत नाही. तिला कुणी ‘जरा अ‍ॅडजस्ट कर ना’ म्हणत नाही.

कामालाही रेष होती. 1948 च्या कारखाने कायद्यात दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम गेलं, की तो ओव्हरटाइम ठरायचा आणि त्याचा मोबदला दुप्पट असायचा. ‘ओव्हर’ म्हणजे तरी काय, आपल्या ‘अति’चाच इंग्रजी भाऊ! पण ती सोय कारखान्यातल्या कामगारांची. लॅपटॉप घरी नेणाऱ्या आपल्याला ना भोंगा, ना रेष. मग ‘अति’ झालं हे कळणार कसं?

‘अति तिथे माती’ आपल्याला पाठ असते, पण आठवते ती माती झाल्यावरच. त्याआधी वापरायचा शब्द पंगतीत बसणाऱ्यांना नेमका ठाऊक होता: ‘पुरे!’ वाढणारा कितीही आग्रह करो, ताटावर आडवा हात धरायचा. त्यात भांडण नाही, अपमान नाही, फक्त आपल्या पोटाचा अंदाज.

तेव्हा दोस्तांनो, आपली रेष आपणच आखा, आणि तीही आकड्यात. साडेसात म्हणजे साडेसात. त्यानंतर आलेल्या कामाला हसून एवढंच कळवा, ‘उद्या सकाळी पहिलं हेच करतो.’ लिफ्टला जमतं, तर आपल्याला का नाही?