स्वमग्न मुलांना लस द्यावी का?

द्यावी, आणि इतर मुलांच्याच वेळापत्रकाने. स्वमग्नता हे लस नाकारण्याचं कारण नाही. आधीच्या डोसनंतर तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारा. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, अफवा मात्र अजून फिरतेच आहे. वेळापत्रकातली दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस पालक हमखास विसरतात. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयात, गावाकडे उपकेंद्रावर ती मोफत मिळते. खरी अडचण असते ती गर्दी, गोंगाट आणि अनोळखी स्पर्शाची. तेव्हा आशाताईंना आधी कल्पना द्या, पहिला नंबर मागून घ्या, मुलाच्या कानाला हेडफोन लावा. आणि ‘अजिबात दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. पुढच्या वेळी ते पोर दारातूनच परत फिरेल.