बारवीचं पाणी

पहाटे 5.45. वालिवलीच्या पुलावर स्कूटर थांबवतो. मे महिना आहे, तरी उल्हास वाहतेय. आंध्रा तलावाचं पाणी एरवी पूर्वेला भीमेकडे गेलं असतं. 1922 पासून ते भिवपुरीच्या वीजघरातून घाटाखाली उतरतं आणि हिला मिळतं. माझी आजी या काठच्या मळईत काकडी आणि वाल लावायची.

7.00. आनंदनगर एमआयडीसी. कारखान्यात मी सांडपाण्यावर आहे, आम्हाला 'ईटीपीवाले' म्हणतात. आमच्या नळाला येतं ते बारवीचं पाणी, 1972 च्या धरणातलं. बारवी उल्हासचीच उपनदी. नदी आत येते ती नळातून. ती बाहेर कशी जाईल, हे माझ्या पाळीवर आहे.

7.30. टाकीत आज गडद तपकिरी पाणी. सहा चंचुपात्रं मांडतो, प्रत्येकात चुना आणि तुरटी वेगळ्या मापानं. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. हळू ढवळताना घाई केली तर धरलेल्या गुठळ्या फुटतात. चौथ्या पात्रात साका छान बसला, वरचं पाणी मात्र अजून चहासारखं. माप वाढवून पुन्हा मांडतो. हे काम मला मनापासून आवडतं.

11.00. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप. त्याच्या नळ्या 150 अंशांवर, दोन तास. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे लिटरमागे 250 मिलिग्रॅमची.

1.15. डबा. नवा पोरगा विचारतो, "दादा, एक टँकर कुठं रिकामा केला तर कुणाला कळणार?" मी त्याला नोव्हेंबर 2014 सांगतो. उल्हासनगरला वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं, काठावरची माणसं रात्री झोपेतून गुदमरत उठली, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्याचा घास हातातच राहतो. राहू दे. हे ऐकल्याशिवाय कुणी व्हॉल्व्हला हात लावू नये.

3.00. पाळी बदलली. "चुना आज जास्त खातंय, लक्ष ठेव."

4.00. अंबरनाथचं शिवमंदिर, शके 982 चं. शेजारून वालधुनी जाते. वर काकोळ्याला हिच्याच पाण्यावर जीआयपी रेल्वेनं इंजिनांसाठी तलाव बांधला. इथं मात्र पायरीवर बसलं की वास येतो. हात जोडताना मला लाज वाटते.

रात्री 9.20. दुसऱ्या पाळीतून फोन. "निवळलं रे. तळ दिसतोय."