विमानात खालच्या वर्गात बसवले? भरपाई हा तुमचा हक्क आहे

आजारी आईवडिलांना ऐसपैस बसता यावे म्हणून कुणी पदरमोड करून बिझनेस क्लासचे तिकीट काढतो. ऐनवेळी कंपनी सांगते, 'विमान बदलले, इकॉनॉमीत बसा.' अशा वेळी गप्प बसू नये, असे आम्हाला वाटते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध खालचा वर्ग दिल्यास देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. म्हणजे २०,००० रुपयांच्या तिकिटावर १५,००० रुपये. परदेश प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३०, १,५०० ते ३,५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-बँकॉक ५० टक्क्यांत, मुंबई-लंडन ७५ टक्क्यांत येते.

'मर्जीविरुद्ध' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून 'माझी हरकत नाही' अशा मजकुरावर सही करू नका. कारण लेखी मागा. तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद न मिळाल्यास केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर जा किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तरीही पैसे मिळाले नाहीत, तर ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. सुरगाण्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. नाशिकच्या आयोगात तक्रार चालते. तिकिटाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.